के-१००० परीक्षाप्रकरण

स्वस्तातला जुना एसएलआर कॅमेरा कसा पारखावा, याचे शास्त्र मराठीत अद्याप सूत्रबद्ध झालेले नाही. तूर्त पेंटॅक्स के-१००० हा एकच नमुना घेऊ. १९७६ ते १९९७ तो बनत राहिला. त्याला ऑटोफोकस नाही, सेल्फ-टायमरही नाही. निर्गुणात बिघडण्यासारखे थोडेच असते.

नैयायिकांची चारही प्रमाणे येथे चालतात. पहिले प्रत्यक्ष. मागचे झाकण उघडून कॅमेरा उजेडाकडे धरावा आणि एक सेकंदावर शटर सोडावे. ‘एक’ म्हणून होण्याआधीच पडदा मिटला, किंवा दहा म्हटले तरी मिटेना, तर पुढचे वाचू नये. मग १/१००० वर सोडावे. उजेडाची तिरीपही दिसली नाही, तर दुसऱ्या पडद्याने पहिल्याला वाटेतच गाठले असे समजावे. लेन्समध्ये टॉर्च मारल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी. कोकणातल्या कपाटात पावसाळे काढूनही लेन्स निर्मळ असेल, तर कपाटाचीच चौकशी करावी.

दुसरे अनुमान. जेथे जेथे झाकणाच्या खाचेतला फोम बोटाला काळा चिकटतो, तेथे तेथे सर्व्हिसिंगचा अभाव असतो. उपमान (‘नायकॉनच समजा!’) आम्ही विचारात घेत नाही.

उरले शब्दप्रमाण, म्हणजे विक्रेता. ‘आजोबांचा आहे, दोनच रोल काढलेत’ हे आप्तवाक्य सर्वत्र सारखेच ऐकू येते. तेव्हा ते अपौरुषेय असावे. ‘सेल नाही, म्हणून शटर उडत नाही’ हा मात्र शुद्ध हेत्वाभास. सेल फक्त मीटरची सुई हलवतो; शटर पूर्ण यांत्रिक आहे.

या मीटरला बंद करायचे बटणच नाही. त्यावरून दोन पंथ पडतात. लेन्सला टोपी घातली की उजेडाअभावी मीटर निजतो, असे टोपीवादी मानतात. सेलच काढून ठेवावा, असे संन्यासमार्गी म्हणतात. आम्ही टोपीवादी आहोत. संन्याशांचा सेल हमखास हरवतो.

पाठभेदही आहेत. सुरुवातीच्या प्रतींवर ‘आसाही’ ही अक्षरे आढळतात. चीनमध्ये बनलेल्या उत्तरकालीन प्रतींत प्लास्टिकचा प्रक्षेप वाढला. अक्षरांसाठी जास्त पैसे मोजणारे भाविक आहेत. पडदा धड असेल तर आम्हांला प्रक्षिप्त प्रतही चालते.

एक रोल काढूनच पारखावे, हा पूर्वपक्ष तत्त्वतः निर्दोष आहे. अडचण इतकीच, की ३६ फोटो काढून फिल्म धुऊन येईपर्यंत आप्ताचा फोन लागेनासा झालेला असतो.