समलंब चौकोनाचा महिमा

विद्वत्तेच्या दरबारात मोठेपणा हवाल्यांच्या मोजदादीवर ठरतो, ही व्यवस्था किती न्याय्य आहे याची साक्ष 'डायबिटीस केअर' या मातबर अमेरिकी नियतकालिकात १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक निबंध देतो. ग्लुकोज पाजल्यानंतर रक्तशर्करेचा जो वक्र आलेख निघतो, त्याखालील क्षेत्रफळ काढण्यासाठी त्याचे समलंब चौकोनी तुकडे पाडून बेरीज करावी, हा सिद्धांत त्यात विदुषी लेखिकेने स्वनामांकित करून मांडला. आणि हे तर जुनेच गणित, अशी हरकत काही मत्सरी मंडळींनी तेथेच नोंदवली असताही शेकडो संशोधकांनी त्याचा सादर हवाला दिला. बाबिलोनच्या ज्योतिषांनी गुरूच्या गतीसाठी हीच युक्ती इसवी सनापूर्वीच योजिल्याचे २०१६ साली उजेडात आले खरे. परंतु मृत्तिकापट्टांवर संदर्भसूची न जोडणाऱ्या इसमांचा दावा कोणती समिती दाखल करून घेईल? आता गोळ्या मोजताना एकात एक मिळवण्याची रीतही कोणा होतकरूने सत्वर आपल्या नावे करून घ्यावी. पदोन्नतीच्या अर्जात निबंधांस रकाना आहे, हवाल्यांस आहे. रुग्णाची साखर उतरली किंवा कसे, एवढ्यापुरती मात्र जागा शिल्लक राहिलेली नाही.