बिबट्याचा शिधा

2025 सालच्या डिसेंबरात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास, वनमंत्री गणेश नाईक यांनी जो विचार बोलून दाखविला त्याचे ज्यांनी हसे केले, त्यांना राज्यकारभाराचे अंकगणित ठाऊक नसावे. बिबट्याच्या हल्ल्यात मनुष्य दगावल्यास वारसांस 25 लाख रुपये द्यावे लागतात, म्हणजे चार माणसांमागे एक कोटी; तेव्हा माणसे गेल्यावर कोटी मोजण्यापेक्षा त्याच कोटीच्या शेळ्या आगाऊ वनात सोडाव्यात, म्हणजे बिबट्या तेथेच तृप्त होऊन वस्तीकडे फिरकणार नाही, असा तो सरळ हिशेब. नुकसानभरपाईच्या सरकारी तक्त्यात शेळीची रक्कम बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15 हजार, यांपैकी जी कमी असेल ती. त्यावरून एका माणसाच्या किती शेळ्या होतात, हा भागाकार करण्याचा मोह सुसंस्कृत वाचकाने आवरावा. शेळीचे मत कोणी विचारले नाही हे खरे, परंतु शेळीने याआधीच्या कोणत्याही अधिवेशनात तोंड उघडल्याचे स्मरत नाही.

नंदुरबार जिल्ह्यास या योजनेचे नवल वाटण्याचे कारण नाही. शिवेवर वाघदेव बसवावा, सर्वांनी मिळून त्याची पूजा करावी, कोंबडा-बोकड द्यावा आणि गुरे-लेकरे सांभाळ म्हणून त्याला विनवावे, हा सातपुड्यातील पाड्यांचा शिरस्ता मंत्रालयाहून पुष्कळ जुना आहे. भेद इतकाच, की पाड्याचा बोकड वर्गणीतून येतो व त्याचा वाटा अखेरीस घरोघर पोचतो. सरकारी बोकड निविदेतून येईल, आणि त्याचे वाटे कोठकोठे पोचतील हे सूज्ञांस सांगणे न लगे.

अडचण आहे ती कायद्याची. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात ‘गुरे’ या संज्ञेखाली हत्ती व उंट यांच्यापासून थेट शेळ्या-करडांपर्यंत सर्वांची गणना केलेली असून, राखीव वनात ती घुसू देणे वा चारणे हा कलम 26 अन्वये अपराध आहे. इतकेच नव्हे, तर अशी अपराधी जनावरे 1871 च्या कायद्याबरहुकूम कोंडवाड्यात घालण्याची तजवीजही त्यात आहे. धडगाव-मोलगीकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हा कायदा दंडाच्या पावतीवरून पाठ आहे, आणि जेथे पावती मिळाली नाही तेथे तर अधिकच पाठ आहे. शेळी पाने ओरबाडते म्हणून वन उजाड होते, असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बजावण्यात आले, त्यांनी आता तीच शेळी सरकारी वाहनातून सन्मानपूर्वक राखीव वनात उतरताना पाहावयाची आहे: आपल्या पायांनी गेली तर अतिक्रमण, शासनाने नेली तर उपाययोजना! शिवाय दहा शेळ्या व एक बोकड असा अनुदानित गट मिळावा म्हणून अर्ज करणाऱ्या बाईला जातीचा दाखला, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक असा सारा सरंजाम जोडून निवडीच्या यादीकडे डोळे लावून बसावे लागते. बिबट्याला यांतील एकाही कागदाची गरज नाही, कारण त्याचे नाव 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आधीच दाखल आहे. अनुसूचीत नाव असल्याचा इतका रोकडा लाभ या आदिवासीबहुल जिल्ह्यात दुसऱ्या कोणास झाल्याचे निदान आमच्या पाहण्यात नाही.

हा बिबट्या वन सोडून उसात कसा आला, याची हकीकत मात्र कोणत्याही पंचनाम्यात सापडत नाही. कंपनी सरकारच्या अमदानीत भिल्ल पलटण उभारण्यासाठी जेम्स औट्रम खानदेशात आला. 1825 पासूनच्या दहा वर्षांत त्याच्या शिकारीत दोनशेच्या घरात वाघ पडले आणि साहेबाची कीर्ती दिगंत झाली. श्वापदांविषयीचे सरकारी धोरण तेव्हा निदान एकजिनसी होते. पुढे डोंगरातला साग उतरत राहिला. मग सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील नर्मदाकाठची 33 गावे बाधित झाली, आणि तेथून उठलेल्यांना जमीन द्यावयाची म्हणून तळोदा तालुक्यातील सुमारे 2,700 हेक्टर वनजमीन 1990 साली केंद्राच्या मंजुरीने मोकळी करण्यात आली. एक वन पाण्याने गिळले म्हणून दुसरे कुऱ्हाडीने गिळावे, याला व्यवहार म्हणतात. दोन्हींच्या बदल्यात तिसरीकडे रोपे लावल्याची नोंद दफ्तरी व्हावी, ही करुणा. विस्थापितांच्या यादीत बिबट्या नव्हता, म्हणून त्याने आपले पुनर्वसन आपणच करून घेतले. तापीवर सारंगखेडा व प्रकाशा येथे बंधारे झाले, शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला, आणि वर्षभर आत कोणी डोकावत नाही असे, गारव्याने, पाण्याने व गावकुत्र्यांच्या सान्निध्याने परिपूर्ण असे वन त्यास साखरेच्या कृपेने लाभले. मादी तेथेच विते, आणि तोडणी सुरू झाली की कोयत्यासमोर बछडे येतात.

येथे शहरातील करुणार्द्र वाचकाचा प्रवेश होतो. बछडे टोपलीत घालून सायंकाळी त्याच फडात ठेवावेत, म्हणजे आई येऊन त्यांना घेऊन जाते, ही वनखात्याची रीत खरोखर शहाणपणाची आहे, आणि तिच्याबद्दल त्या कर्मचाऱ्यांना द्यावे तितके श्रेय थोडेच. परंतु टोपलीतल्या बछड्यांचे छायाचित्र पाहून ज्यांचा कंठ दाटून येतो, त्यांच्या दृष्टीस त्याच बांधावरची झोळी पडत नाही, जिच्यात तोडणी-मजुराचे पोर निजलेले असते आणि जिच्याजवळून ती आई रात्री जावयाची असते. उलटपक्षी, ‘दिसेल तेथे गोळी घाला’ अशी गर्जना करणाऱ्या व्यवहारी पुरुषाचेही घर बहुधा चौथ्या मजल्यावर असते. करुणा काय किंवा कठोरता काय, तिचा खर्च दुसऱ्याच्या गोठ्यातून भागत असला म्हणजे ती विलक्षण निर्मळ राहते.

अनुसूचीबाहेरच्या जिवांची गोष्ट निराळी. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरच्या कुक्कुटशाळांत कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा प्रथम तो राणीखेत रोग समजला गेला. भोपाळच्या प्रयोगशाळेने तो बर्ड फ्लू, आणि तोही देशातला पहिलाच, असल्याचा निर्वाळा देताच लाखो पक्षी मारून पुरण्यात आले, आणि 2021 मध्ये त्याच गावी तोच प्रयोग पुन्हा झाला. ते चुकले असे आमचे म्हणणे नाही. विषाणूपुढे अर्जविनंती चालत नाही. लक्षात राहिला तो वेग. ज्या गावचे रेल्वे स्थानक निम्मे महाराष्ट्रात व निम्मे गुजरातेत आहे, तेथे दोन राज्यांची सरकारे इतक्या तातडीने एकाच विचाराची झालेली फारशी कोणी पाहिली नसतील. त्या कोंबड्यांसाठी मेणबत्त्या लागल्या नाहीत. आदिवासीच्या अंगणातल्या चार गावठी कोंबड्या, ज्यांच्या भरवशावर पाहुणा, देव आणि आजार हे तिन्ही निभावतात, त्याही त्याच खड्ड्यात गेल्या.

बिबट्यांबाबत हा वेग पिंजऱ्यापुरता असतो. पिंजरा लागला की पुढाऱ्याचे दर्शन होते, बिबट्या सापडला की गर्दी होते, आणि त्याला दूर सोडून आले की प्रकरण निकाली निघते. जुन्नर भागात 2001 ते 2003 या काळात असे शंभराहून अधिक बिबटे धरून इतरत्र सोडण्यात आले, आणि त्या काळात माणसांवरील हल्ले घटण्याऐवजी वाढले, हे बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी साधार दाखवून दिले आहे. परक्या मुलखात सोडलेले जनावर गोंधळते, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येते. परंतु संशोधनाचे उद्घाटन करता येत नाही. पिंजऱ्याला निदान हार तरी घालता येतो.

शेतकऱ्याचे मागणे याहून अगदीच अरसिक आहे. कृषिपंपाची वीज दिवसा द्या, एवढेच तो म्हणतो. कारण वीज रात्री आली की उसाला पाणीही रात्रीच द्यावे लागते, आणि चिखलात वाकून दारे धरणारा माणूस बिबट्याच्या नजरेला माणसाच्या उंचीचा दिसत नाही. दुसरे मागणे, गोठ्याला जाळीची चौकट व पक्के दार. यांत कोणत्याही प्राण्याची हत्या नाही, कोणाच्या भावनेस धक्का नाही आणि खर्चही बेताचा. पण मग यात बातमी ती कोणती, आणि निविदा तरी केवढी?

तेव्हा शेळ्यांचेच पाहू. एक शंका तेवढी वनखात्याने वेळीच निकालात काढावी. सोडलेली शेळी बिबट्याच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच वनात व्याली, तर राखीव क्षेत्रात विनापरवाना जन्मलेली ती करडे बिबट्याच्या शिध्यात जमा धरावयाची, दहा-अधिक-एकच्या प्रतीक्षायादीतील बाईस द्यावयाची, की 1927 च्या कायद्यानुसार ‘गुरे’ म्हणून धरून कोंडवाड्यात घालावयाची? आणि कोंडवाड्यात घातली, तर त्यांना सोडवून नेण्याचा दंड कोणी भरावयाचा?