भिवापुरात बसून अद्भुत कादंबरी कशी लिहावी

प्रस्तुत मार्गदर्शिका राक्षस, शापित नगरे, बोलत्या तलवारी आदी विषयांवर दीर्घ लेखन करू इच्छिणाऱ्या, आणि पुण्या-मुंबईत न राहता नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या लेखकांसाठी आहे. अशा लेखकांची संख्या माझ्या माहितीप्रमाणे एक आहे. तरी शास्त्र ते शास्त्र.

मार्गदर्शकाची पात्रता : 'अग्निनागाचे राज्य', भाग पहिला व दुसरा, प्रकाशित. प्रत्येकी ३०० प्रती. पैकी बऱ्याचशा आमच्या दिवाणाखाली असून त्यामुळे दिवाणाची कुरकुर कायमची थांबली आहे. भाग तिसरा चार वर्षांपासून 'लवकरच'. व्यवसाय : प्राथमिक शिक्षक.

नियम १. आधी नकाशा काढू नये.

नकाशा काढणे हे लेखन नव्हे. ते लेखन टाळण्याचे सर्वांत प्रतिष्ठित साधन आहे. मी दोन वर्षे नकाशा काढला. त्यात सतरा नद्या, नऊ डोंगर आणि एक दलदल होती. दलदलीला तीन रंग वापरले. शेवटी कादंबरीत एकच नदी आली, तीही उन्हाळ्यात, म्हणजे कोरडी.

आपल्याच जिल्ह्यातला दाखला घ्यावा. कालिदासाचा रामगिरी म्हणजे रामटेक, असं वा. वि. मिराशींसारखे पंडित मानत. त्या डोंगरावर बसलेल्या यक्षाने ढगाला नकाशा नाही दिला, वाट सांगितली. इथून असा जा, ही नदी लागेल, तिथं पाणी पी, उज्जयिनी थोडी वाकडी पडेल पण बघूनच जा. अर्धं 'मेघदूत' म्हणजे एसटी स्टँडवर परगावच्या माणसाला सांगितलेला पत्ता आहे. वाचकाला वाट सांगावी. नकाशा आपोआप होतो.

उपनियम : वेगाचा हिशेब लपवावा. माझा अग्निनाग किती वेगाने उडतो हे ठरवताना मी नकळत नागपूर-नागभीड छोट्या लाइनची गाडी धरली होती. लहानपणापासून वेग म्हणजे तीच. ती गाडी २०१९च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी बंद झाली, पण माझ्या पुस्तकात अजून धावते. एका वाचकाने भर चौकात विचारलं, "गुर्जी, तुमचा नाग उमरेडहून इथं यायला दीड तास घेते. मधात क्रॉसिंग होते का?"

नियम २. राक्षसाचे नाव उच्चारता आले पाहिजे.

पहिल्या भागातल्या खलनायकाचं नाव मी 'झ्र्युथ्ग्राक्ष' ठेवलं होतं. अक्षरजुळणी करणाऱ्याने ते चार प्रकारे जुळवलं, म्हणून पुस्तकात चार राक्षस आहेत असा समज झाला. पानठेलेवाल्याने तर सरळ 'झुरळ्या' केला. "झुरळ्या मेला का नाही अजून?" असं कोणी विचारलं, की अडीचशे पानांची दहशत एका क्षणात स्वयंपाकघराच्या मोरीत जाते.

ऑक्सफर्डच्या टॉल्किनसाहेबांनी आधी भाषा रचल्या आणि मग त्या भाषा बोलायला माणसं रचली, हे खरं. पण ते जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. मी चौथीला बेरीज-वजाबाकी शिकवतो.

चाचणी : नाव ठरलं की संध्याकाळी गल्लीच्या टोकाला उभं राहावं आणि पोराला जेवायला हाक मारतात तशी त्या नावाने हाक मारावी. जीभ अडखळली तर नाव बदलावं. कोणी ओ दिली तरी बदलावं.

नियम ३. भाषा विचारपूर्वक निवडावी. निवडून उपयोग होत नाही.

या धंद्याचा मूळ पुरुष गुणाढ्य. त्याची हकिगत सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात बसून 'कथासरित्सागरा'त लिहिली, पण गुणाढ्य आपल्याकडचा, सातवाहन राजाच्या पदरी असलेला. सगळं सुरू झालं ते एका संधीमुळे. जलक्रीडेत राणी राजाला म्हणाली, "मोदकैः". म्हणजे मा उदकैः, पाणी नका मारू. राजाने मोदक मागवले. राणी हसली. राजा अंथरुणाला खिळला. (व्याकरण न शिकवल्याचा परिणाम काय होतो हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. वर्ग फक्त मोदकांची चौकशी करतो.)

राजाला व्याकरण शिकवायला गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील, दरबारातलाच शर्ववर्मा म्हणाला सहा महिने. गुणाढ्य चिडला. हे जमलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन, म्हणाला. दुसऱ्याला ते जमलं. मग बिचारा विंध्याच्या जंगलात गेला, पिशाचांची भाषा शिकला आणि सात वर्षांत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. जंगलात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने. हस्तलिखित राजाकडे पाठवलं. राजाने ते परत केलं : भाषा पैशाची, वर रक्ताने लिहिलेलं, नको.

साभार परत या प्रकाराचं इतकं जुनं उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही. पुढची गोष्ट नियम ९ मध्ये येईल.

माझी गोष्ट अशी. माझे राक्षस माझ्या आजीसारखे बोलतात. झाडीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, बोली. "कोनं खाल्लं माह्यं हाड?" वगैरे. एका प्रकाशकाने कळवलं, राक्षसांना प्रमाण मराठी द्या, वाचकाला जड जाईल. मी दिली नाही. पुस्तक दुसरीकडून निघालं आणि पश्चिमेकडच्या एका मोठ्या शहरातून, आयुष्यात एकदाच येतं तसं, सुंदर अक्षरातलं पत्र आलं : 'आपण राक्षसांसाठी जी काल्पनिक भाषा निर्माण केली आहे, ती थक्क करणारी आहे.'

ते पत्र मी आजीच्या फोटोमागे खोचून ठेवलं आहे.

नियम ४. जादूला किंमत लावावी.

हे मला सातवीतल्या एका पोट्ट्याने शिकवलं. पहिल्या भागाच्या शेवटी नायक महामंत्र म्हणतो आणि सगळं ठीक होतं. पोट्टा म्हणाला, "गुर्जी, मंत्र येतच होता, तं पहिल्याच पानावर काऊन नाही म्हटला? अडीचशे पानांची आमच्या मागची कटकट वाचली असती ना?"

मी त्याला ओळीने पाढे म्हणायला लावले. मग घरी येऊन दुसऱ्या भागात कायदा केला : एक मंत्र, एक आठवण. मंत्र म्हणायचा असेल तर म्हणणाऱ्याची एक आठवण कायमची जाते, आणि जेवढं मोठं काम तेवढी लाडकी आठवण. तेव्हापासून माझी पात्रं मंत्र म्हणण्याआधी दहा-दहा पानं विचार करतात. कादंबरी जाड होते, ती अशी.

नियम ५. खोटं मोठं बोलावं, पण लहानसहान गोष्टीत खरं बोलावं.

भिवापूर म्हणजे मिरची. आमच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि हंगामात सातऱ्यावर, म्हणजे मिरच्यांचे देठ काढायच्या जागी, लाल डोंगरासारखे ढीग पडतात. बायका दिवसभर बसून देठ काढतात. रस्त्याने जाणारा माणूस शिंकत शिंकत जातो. त्या मात्र गप्पा मारत असतात.

पहिल्या भागात मी एका राणीला शिक्षा म्हणून मिरच्यांचे देठ काढायला बसवलं आणि संध्याकाळी तिने थंडगार पाण्यात बोटं बुडवून दाह शमवला, असं लिहिलं. वाक्य सुरेख होतं. सातऱ्यावरच्या एका मावशींनी ते वाचलं. त्या गावातल्या वाचनालयाच्या सभासद आहेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. रस्त्यात गाठून म्हणाल्या, "गुर्जी, पाण्यानं आग जाते का कधी? उलट पसरते. तेल लावा लागते."

"मावशी, तो उडता साप आग ओकतो, ते चाललं तुम्हाला?"

"तो कोनं पायला जी? मिरची तं पायली हाये."

या नियमाचं स्पष्टीकरण यापेक्षा बरं मला जमणार नाही.

नियम ६. दुसरा भाग छापून येण्याआधी तिसऱ्याची जाहिरात करू नये.

कारण विचारू नये.

नियम ७. 'लिहायला वेळ नाही, जागा नाही' असे म्हणू नये.

नाथमाधव शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून पडले, कमरेखालचं अंग गेलं, आणि त्यानंतर ते लिहायला लागले. 'वीरधवल' ही कादंबरी त्या माणसाची. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. मला खुर्चीत बसलं की पाठ दुखते आणि पंखा लावला की कागद उडतात. ही माहिती नियमात कशासाठी आली, मलाही सांगता येत नाही.

नियम ८. स्पर्धकांचा अभ्यास करावा.

भिवापुरात अद्भुतकथेचा पहिला स्पर्धक वाघ आहे. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य शेजारीच. तिथला 'जय' हा भव्य वाघ २०१६ साली बेपत्ता झाला, आणि तेव्हापासून तो ठेल्याठेल्यांवर दिसू लागला. कोणी त्याला नदी ओलांडताना पाहिलं, कोणाच्या साडभावाने थेट डोळ्यात डोळे घालून पाहिलं. मी एकदा माझ्या अग्निनागाबद्दल बोलायला सुरुवात केली, तर एक जण दया येऊन म्हणाला, "बरं हाये गुर्जी, पन जयची सर नाही."

दुसरा स्पर्धक झाडीपट्टीचं नाटक. धान निघालं की वडसा-चंद्रपूरकडून कंपन्या येतात, रात्री सुरू झालेला खेळ पहाटेला संपतो. लेखकाने तिथं नाटक बघू नये, प्रेक्षक बघावे. शेकडो माणसं थंडीत घोंगडं पांघरून बसलेली असतात. ती चहाला कधी उठतात, याची वहीत नोंद करावी. माझी नोंद अशी : मारामारीला कोणी उठत नाही, रडण्याला कोणी उठत नाही, गाण्याला तर नाहीच. पात्र स्वतःच्या मोठेपणाबद्दल बोलायला लागलं की पहिली रांग उठते. घरी येऊन मी अग्निनागाचं साडेतीन पानांचं आत्मवृत्त कापलं. त्याला वाईट वाटलं असेल. मला वाटलं.

नियम ९. वाचकाशी संबंध.

वाचकांचे प्रकार पुढीलप्रमाणे :

(अ) 'भेट म्हणून' प्रत मागणारा. हा वाचत नाही.

(आ) 'माझ्यावर लिहा' म्हणणारा. हा पुस्तकात स्वतःला शोधतो आणि राक्षसात सापडतो.

(इ) 'ते ठीक आहे, पण खरं काही लिहा ना' म्हणणारा. हा शिक्षण खात्यात असतो.

(ई) गुणाढ्याचा.

आता गुणाढ्याची राहिलेली गोष्ट. हस्तलिखित परत आल्यावर त्याने रानात अग्निकुंड पेटवलं. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. त्याचे दोन शिष्य रडत बघत होते. आणि हरणं, डुकरं, रेडे, सगळी जनावरं चरायचं सोडून त्याच्याभोवती कडं करून उभी राहिली, डोळ्यांत पाणी आणून ऐकत. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस वाळलेलं येतंय. आचारी म्हणाला, व्याध तसंच आणतात. व्याध म्हणाले, काय करणार, रानात एक बामण पोथी वाचतोय आणि जनावरं खातच नाहीत. राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोक जळले होते. उरला एक लाख, तोही शिष्यांना आवडायचा म्हणून मागे ठेवलेला.

समीक्षक काय म्हणाले, याची नोंद नाही. जनावरं वाळली, एवढीच नोंद आहे. मला ती पुरेशी वाटते.

नियम १०. वाचनालयातली आपली प्रत अधूनमधून तपासावी.

हे चोरून करावं. कपाटाकडे पाठ करून उभं राहिलेल्या ग्रंथपालाला नमस्कार करून, दुसरंच पुस्तक शोधतोय असं दाखवून आपलं काढावं.

गेल्या मार्गशीर्षात मी दुसरा भाग काढला. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात तेलाचा तांबूस ठसा. अंगठ्याचा. पान ३, ५, ७, सगळीकडे. काही ठसे फिकट, म्हणजे पान भरभर उलटलं. काही गडद, म्हणजे बोट तिथंच टेकून राहिलं. वास घेतला, शिंक आली. पान २११ वरचा ठसा सगळ्यात गडद, आणि त्यानंतर पानं कोरी. शेवटपर्यंत पन्नास पानं, एक डाग नाही.

पान २११ वर घोडा मरतो. नायकाचा, शिंगरू असल्यापासून हाताने वाढवलेला.

सातऱ्यावर गेलो. मावशी ढिगाजवळ बसल्या होत्या. पुस्तकाचं विचारलं.

"मी तं तिथंच ठेवलं जी. घोडं मेल्यावर काय वाचाचं?" मग थोडं थांबून, "कायले मारलं?"

कथानकाची गरज, संघर्षाचा उत्कर्षबिंदू, असं बरंच काही तयार होतं. ते मिरच्यांच्या ढिगासमोर बोलवेना. तेव्हापासून बाजारात, बँकेच्या रांगेत, कुठंही भेटल्या की एकच प्रश्न : "घोडं उठलं का गुर्जी?"

नवोदितांनी इथे तिसऱ्या भागाच्या विलंबाचं खरं कारण टिपून घ्यावं. घोडा उठवता येतो. मंत्र आहे. पण नियम ४ माझाच. एवढ्या मोठ्या कामाला लाडकी आठवण जाणार, आणि नायकाकडे लाडकी आठवण एकच आहे : तो घोडा. म्हणजे घोडा उठेल, आणि हा त्याच्याकडे परक्या जनावरासारखा बघेल. मग उठवून काय मिळवलं? चार वर्षं मी या एका प्रश्नाभोवती नकाशे काढतो आहे.

परवा शेवटी मावशींनाच सांगून टाकलं, सगळं, कायद्यासकट. त्यांनी मान वर केली नाही. एक देठ, दुसरा देठ, तिसरा.

"नाही ओळखलं तं नाही ओळखलं," त्या म्हणाल्या. "घोडं तं ओळखते ना त्याले."

मार्गदर्शन संपले. मला घरी जाऊन काम आहे.