बिनबॅटरीच्या घड्याळाची काटकसर

स्मार्टवॉचचा सिम्युलेटर म्हणजे मनगट, पट्टा आणि बॅटरी यांपैकी काहीही नसलेले घड्याळ. ते लॅपटॉपवर एका चौकटीत उघडते आणि प्रोग्रामरने लिहिलेला वॉच फेस तिथे चालवून पाहता येतो. म्हणजे, चालला तर. सेकंदकाटा दोन-चार घरे पुढे सरकतो आणि तिथेच ठाण मांडतो.

अशा वेळी कारणे क्रमाने तपासावीत. कोडमधली वेळ बदलली म्हणून स्क्रीन आपोआप बदलत नाही. चित्र जुने झाले, ते पुन्हा काढा, अशी विनंती प्रोग्रामला करावी लागते. अर्ज आल्याशिवाय फाइल हलवायची नाही, हा सरकारी बाणा इथे पुरेपूर मुरलेला आहे. विनंती रीतसर असेल, तर चित्र काढणारे फंक्शनच मध्ये कोलमडत नाही ना, ते पाहावे. तशी लाल ओळ खालच्या कन्सोलमध्ये उमटलेली असते आणि ती कोणीही वाचलेली नसते. सिम्युलेटरमध्ये कालचेच बिल्ड चालू नाही ना, हेही पाहावे. स्क्रीनचा ठरावीक तुकडाच रंगवण्याची मर्यादा घालून ती उठवायची राहिली असेल, तर काटा फिरतो, पण त्या तुकड्याबाहेर दिसत नाही.

एवढे करूनही काटा ढिम्म असेल, तर घड्याळ वीज वाचवत आहे असे समजावे. खऱ्या घड्याळात ही सोय शहाणपणाची आहे. हात खाली गेला की काही सेकंदांत ते कमी वीजवापराच्या अवस्थेत जाते, स्क्रीन सहसा मिनिटातून एकदाच नव्याने रंगवली जाते, सेकंदकाट्याला सुट्टी मिळते. ओलेड स्क्रीनवर तर बहुतेक पिक्सेल काळे ठेवतात. त्याने वीज वाचते आणि कायमचे डागही टळतात. पण सिम्युलेटरने नेमके काय वाचवायचे? त्याला बॅटरी नाही. तो ज्या लॅपटॉपवर चालतो त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचलेली, पंखा घरघरतो आहे, आणि हे चित्रातले घड्याळ मात्र सेकंदाला चार रेघा ओढायला कां-कूं करते! बरे, बाकी बाबतीत एवढी सचोटी असती तरी चालले असते. हृदयाचे ठोके विचारा, कोणाच्याही छातीत न पडलेले ठोके हजर. पावले विचारा, खुर्चीवरून न उठता हजारो पावले जमा. उपग्रहाकडून यायचे ठिकाणही फाइलमधून पुरवता येते. जे ठाऊक असणे शक्यच नाही ते सगळे बेधडक सांगणार, आणि जी वेळ लॅपटॉपच्या कोपऱ्यात फुकट मिळते तीच तेवढी अडवून धरणार! त्यावर मदतपुस्तिकेचा सल्ला काय, तर बंद करून पुन्हा चालू करा. चालू केल्यावर काटा फिरतोही, कारण घड्याळ नुकतेच जागे झालेले असते. मग ते पुन्हा निजते आणि पुस्तिकेचा सल्ला बिनचूक ठरल्याची नोंद होते.

खरा उपाय सिम्युलेटरच्या मेनूत असतो. कमी वीजवापराची अवस्था तिथून बंद करावी, काटा फिरतो का पाहावे, मग ती मुद्दाम चालू करून मिनिटाचा बदल तपासावा. दोन्ही नीट झाले, की वॉच फेस खऱ्या घड्याळावर चढवून तीच तपासणी पुन्हा करावी. बॅटरीचा खरा हिशेब तिथेच लागतो.