पाच आहेत, मोजून घे

कर्जत स्टेशनात घाट चढणारी गाडी थांबली, की तिच्या ढुंगणाला बँकर इंजिनं जोडतात. चढ 37 ला 1. पुढच्या इंजिनाला एकट्याने झेपत नाही. आमच्या कर्जत-खालापुरातल्या कबड्डीचंही तसंच आहे. पुढे कोच एक आणि मागून ढकलणारे बँकर पाचशे. फरक इतकाच, की रेल्वेचे बँकर सगळे एकाच दिशेला ढकलतात.

भात झोडून झालं, शेतं मोकळी झाली, की कडाव गावापासून चौक गावापर्यंत कुठे ना कुठे हॅलोजन लागतात. फक्कीच्या रेषा पडतात, लाउडस्पीकर खाकरतो. सामन्याची पहिली पस्तीस मिनिटं लोक शेंगा खातात. शेवटच्या दोन मिनिटांत मात्र शेंगांची पुडी खिशात जाते आणि मैदानाभोवतीचा प्रत्येक माणूस कोच होतो. "टाइम काढ!" हा एक पंथ. "टच करून ये, टाइम काय काढतोस?" हा दुसरा. एकाच घरातला बाप पहिल्या पंथाचा आणि मुलगा दुसऱ्या, असंही असतं, आणि त्या रात्री दोघांची जेवणं वेगवेगळ्या वेळी होतात.

मी मात्र या पाचशेंतला नाही. मी एकदा खरोखरचा कोच होतो. एकाच सामन्यापुरता.

आठ-दहा वर्षं झाली. आमच्या मंडळाचा नेहमीचा कोच मेहुण्याच्या हळदीला गेला होता आणि माझ्याकडे शिट्टी होती. निवडीचा निकष एवढाच. उपान्त्य सामना, आम्ही 27, समोरचे 25, शेवटचं एक मिनिट. चढाई आमची, पण आधीच्या दोन रिकाम्या गेलेल्या, म्हणजे ही थर्ड. थर्डला गुण आणला नाही तर चढाईपटू बाद आणि वर समोरच्यांना एक गुण. मैदानावर आमचे चार गडी उरलेले. मी टाइमआउट घेतला. प्रो कबड्डीतले कोच घेतात तसा, दोन्ही हातांचा टी करून. त्या टीचं मला आजही थोडं कौतुक आहे.

तीस सेकंद मिळतात. त्यातली दहा पोरांना पाणी पाजण्यात गेली, दहा मामांना बाजूला करण्यात. उरलेल्या दहात मी आमच्या चढाईपटूच्या खांद्यावर हात ठेवून अत्यंत शांत आवाजात म्हणालो, "कुणाला हात लावायला जाऊ नकोस. बोनस टाक आणि मागे ये."

पोरगं गुणी. "हो काका" म्हणालं आणि गेलं. वीसेक सेकंद कोपऱ्याला खेळवलं, मग एक पाय हवेत, दुसरा बोनस रेषेच्या पार, आणि वाऱ्यासारखं परत. काय पाय टाकला होता! मी उडी मारली. पंचाने मात्र माझ्या पोराला बाहेर जायची खूण केली.

बोनस मिळतो तो समोर सहा किंवा सात गडी असले तर. समोर पाच होते.

पुढचं तर फारच वाईट. आमचा बाद झाला म्हणून त्यांचा एक गडी जिवंत होऊन आत आला. झाले सहा. म्हणजे ज्या बोनससाठी मी पोराला पाठवलं, तो पोरगं बाहेर बसल्यावर सुरू झाला. 27-26. आमचे राहिले तिघे. त्यांचा चढाईपटू आला, आमच्या दोघांनी एकदम झेप घेतली, तो दोघांना घेऊन मध्यरेषेवर पडला. 27-28. शिट्टी.

आत्या म्हणते, ती तेव्हा ओरडत होती, "अरे पाचच आहेत, पाच!" आत्या संध्याकाळी कोंबड्या डालताना पिल्लं मोजते, तिची नजर चुकत नाही. पण त्याच वेळी लाउडस्पीकरवर ट्रॉफीच्या देणगीदाराचे आभार चालू होते.

माझी बाजू मांडायला मला 2023 पर्यंत थांबावं लागलं. हांगझोच्या एशियाडचा अंतिम सामना, भारत-इराण 28-28, शेवटची मिनिटं, पवन सेहरावतची डू ऑर डाय चढाई, म्हणजे आपली थर्डच. तो कुणाला न शिवता लॉबीत गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. मग गुण कुणाचे? पंच, कोच, खेळाडू, सगळे नियमावर भांडत बसले, सामना तासभर खोळंबला. शेवटी भारत 33-29 जिंकला. मी देवळाच्या पायरीवर म्हणालो, "बघा! तिथे आंतरराष्ट्रीय पंचांना तासभर कळेना, मला तर दहाच सेकंद होती."

मामा तंबाखू मळत म्हणाले, "त्यांचा घोळ नियमाचा होता. तुझा उजळणीचा."

मामा टाइम काढ पंथाचे. त्यांच्या मते मी टाइमआउटच घ्यायला नको होता, कारण त्यात समोरच्यांनाही दम मिळाला. आमचा चुलत भाऊ म्हणतो, डाव्या कोपऱ्याचा गुडघा दुखत होता, तिथे हात मारायला हवा होता. हे गुडघ्याचं त्याने सामन्यानंतर तीन वर्षांनी सांगितलं. खोपोलीला दिलेली एक बहीण माहेरी आली की वेगळंच काढते: टी केला तेव्हाच ती म्हणाली होती, गेलं. तो चढाईपटू आता दोन पोरांचा बाप आहे; तो एकटाच काही बोलत नाही, भेटला की अजूनही "हो काका" म्हणतो, आणि तेच जास्त लागतं.

परवा संध्याकाळी कर्जत स्टेशनवर उतरलो. घरी पाहुणे, म्हणून गाडीवर सहा वडापाव सांगितले. गाडीवाला आमच्याच गावचा, त्या सामन्यात दहावी-अकरावीतला असेल. त्याने पुडकं बांधलं, चटणी वेगळी दिली. मी घाईत पैसे देऊन वळलो, तसा मागून हाक आली.

"काका, पाचच आहेत. मुद्दाम टाकले."

सहावा वडा त्याने कढईतून तेव्हा काढला.