समुद्र सोडून सगळं

माझी भाची फिलिपिन्समध्ये डॉक्टरकी शिकते. महाराष्ट्रातली बरीच पोरं हल्ली तिकडं जातात, त्यातलीच ती. सुट्टीत सेबू बेटावर गेली आणि तिथूनच फोन केला, "मामा, मामीला घेऊन या की. बीच आहेत, जुन्या वास्तू आहेत, जानेवारीत सण आहे. चौदा दिवसांपर्यंत आता व्हिसापण लागत नाही." फोन स्पीकरवर होता, त्यामुळं हे बायकोनंही ऐकलं.

म्हटलं, बीचवर करायचं काय? वाळूत पडून ऊन खायचं. त्यासाठी लोक विमानाचं तिकीट काढतात! मे महिन्यात आमच्या सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलपाशी थांबलं की हेच काम फुकटात होतं. आणि वाळूच पाहिजे तर पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा शोधून दाखव.

"मामा, तिथं पोहायचं कुठं? उजनी धरणातून पाणी सोडलं तर नदी."

पोरी फार शिकल्या की असं बोलतात.

मग तिनं इतिहास काढला. दर्यावर्दी मॅगेलन 1521 च्या एप्रिलमध्ये सेबूला आला आणि त्याच महिन्यात शेजारच्या माक्तान बेटावर तिथला सरदार लापुलापू याच्या माणसांनी त्याला मारलं. मी आमच्या जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलचा मराठी शिलालेख काढला. शके 940, म्हणजे 1018. मॅगेलनच्या पाचशे वर्षं आधीचा! "मला कधी नेलंत तिथं?" असं बायकोनं विचारलं आणि नेमकी तेव्हाच लाईन खराब झाली.

लाईन जुळली तेव्हा विषय सणावर आला होता. तिथं जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सिनुलोग असतो. बाळयेशूच्या नावानं ढोलाच्या तालावर नाचायचं, दोन पावलं पुढं, एक मागं. सुरू होता होता आमच्या सोलापूरच्या विमानसेवेनंही वर्षानुवर्षं हाच नाच केला. फक्त मागची पावलं जास्त होती.

इथं मात्र मी हटलो नाही. संक्रांतीला आमचा गड्डा असतो, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस भलामोठा नंदीध्वज कमरेवर तोलत चालतो. असे सात नंदीध्वज. संमती कट्ट्यापाशी सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं आणि चहूकडून अक्षता पडतात. वऱ्हाड म्हणजे अख्खं सोलापूर. आहेर, मानपान, रुसवेफुगवे काही नाही. एवढं बिनबोभाट लग्न आमच्या घराण्यात अजून झालेलं नाही. मग होम मैदानावर पाळणे, धूळ, भजी आणि हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारा भोंगा.

"ते सगळं खरं," बायको म्हणाली, "पण समुद्र?"

त्याचीही सोय झाली. 2025 च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं. बायकोनं मला न विचारता दोन तिकिटं काढली. सेबूपेक्षा स्वस्तात सुटलो.

तुम्ही मात्र संक्रांतीला सोलापूरलाच या. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री मुंबईहून निघते, सकाळी इथं पोचवते. रिझर्व्हेशन तेवढं आधी करा. गड्ड्याला पाहुणे फार असतात, आणि आमच्या घरी तर आधीच झोपायला जागा नाही.