निकोप टीकेचा नमुना अर्ज

जून २०२१ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने राजपत्रात नियम छापला: वकिलाने कौन्सिलच्या निर्णयावर वर्तमानपत्रात वा समाजमाध्यमांवर तोंडसुख घेणे हे गैरवर्तन; प्रसंगी सनदही निलंबित. या दूरदृष्टीचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. वकिलाने अशिलाचे पैसे बुडवल्याच्या तक्रारीत साक्षीपुरावे आले, १९६१च्या अधिवक्ता कायद्याने निकालासाठी घातलेली वर्षाची मुदत आली. टोमण्याचे तसे नाही, स्क्रीनशॉट काढला की प्रकरण तयार. शिवाय दुसऱ्याची बाजू जन्मभर मांडणाऱ्याला स्वतःची बाजू नसलेलीच बरी.

निकोप, सद्हेतूने केलेल्या टीकेला मात्र नियमात सूट होती. आमची नम्र सूचना एवढीच की, निकोपपणा आधी तपासून घ्यावा. अर्ज तीन प्रतींत, वर कोर्ट फीचे तिकीट, सोबत हेतू शुद्ध असल्याचे नोटरीपुढचे प्रतिज्ञापत्र. ज्याच्यावर टीका, त्याचीच ना हरकत जोडल्यास उत्तम. बाररूममध्ये चहा पिताना नुसती भुवई उंचावणाऱ्यांसाठी वेगळा तक्ता असावा.

पण ओरड झाली आणि कौन्सिलने नियमाची अंमलबजावणी थांबवली. वकिलांचीच संस्था ती; स्वतःच्या नियमालाही तिने पुढची तारीखच दिली.